दाजींना कोण विचारणार

दाजी राऊळ माणसाच्या समोर कधी बसायचे नाहीत, बाजूला बसायचे. तो जिकडे बघत असेल तिकडे बघायचे. माडांकडे तर माडांकडे, नुसत्या भिंतीकडे तर भिंतीकडे. असा बराच वेळ जायचा. भर दुपारची खाडी असते ना, पाणी चढतंय की उतरतंय तेच कळत नाही, तसा वेळ. मग मध्येच, स्वतःशीच बोलावं तशा आवाजात ते विचारायचे, "झोप लागता मां रे?" आणि तो माणूस सांगायला लागायचा. मी नवीन होते तेव्हा पहिल्यांदा हे पाहिलं आणि मला वाटलं, दोघेही डोळे उघडे ठेवून झोपलेत. मी चांगलं खाकरून पाहिलं. दाजींनी मान न वळवता हातानेच गप्प बस म्हणून खूण केली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू.

मालवणात आमची मनाच्या आजारांची ओपीडी गुरुवारी असते. मी तिथली नर्स, फरीदा. दाजींचा हुद्दा लांबलचक होता, टेबलावरच्या पाटीवरसुद्धा तो नीट मावायचा नाही. समाजकार्याची मोठी पदवी होती त्यांची, पण लोक सरळ 'मनाचो मास्तर' म्हणायचे. गुरुवार सोडला तर ते गावोगाव फिरत असायचे. एसटीने, होडीने, नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून. स्वतःला गाडी येत नव्हती आणि शिकायची हौसही नव्हती. हातात बारा महिने छत्री. उन्हाळ्यात ती उघडायचे नाहीत, नुसती टेकून चालायचे. खिशात सुक्या खोबऱ्याचा तुकडा असायचा, बोलता बोलता त्याची कड कुरतडायचे. डॉक्टरांशी अगदी शुद्ध मराठीत बोलायचे, इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखं, आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की मालवणी. कुणी घाई केली तर एकच वाक्य ठरलेलं: "मन म्हणजे काय बांगडो न्हय गो, दाबून बघूक."

दाजींबद्दल सांगायला बसले की मला सगळं धुक्यातून दिसल्यासारखं दिसतं. कुठलं आधी, कुठलं नंतर, गोंधळ होतो. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते. अख्ख्या किनाऱ्याला 'बरा आसा मां' म्हणून विचारत फिरलेला हा माणूस रिटायर झाल्यावर स्वतःच आतून विझायला लागला. आणि आमच्यापुढे पेच पडला, की ज्याला सगळे प्रश्न पाठ आहेत त्याला विचारायचं कुणी आणि काय. वेळेत विचारलं नाही तर काय होतं ते आम्ही या कामात पाहिलेलं होतं. म्हणून मी घाबरले होते.

पण ते पुढचं. आधी प्रश्नांचं सांगते.

आमचे डॉक्टर घाटावरचे, तरुण, भले. त्यांनी एक प्रश्नांचा कागद आणला. असे कागद सगळीकडे वापरतात. झोप लागते का, थकवा वाटतो का, कामात मन रमतं का, असे प्रश्न. उत्तरांना गुण द्यायचे, गुणांची बेरीज करायची, बेरीज फार झाली की माणसाला ओपीडीत बोलवायचं. कागद सगळ्यांना एकच. कॉलेजातल्या पोरीलाही तोच आणि काठी टेकत आलेल्या आजीलाही तोच. दाजींनी तो मालवणीत केला आणि आम्ही दोघं निघालो.

पहिल्याच घरात म्हातारी भेटली, चांगली खणखणीत. थकवा येतो का विचारल्यावर ती दाजींकडे बघतच राहिली. म्हणाली, "माका ऐंशी सरली. मी नाय दमतलंय तर काय तू दमतलंस?" झोप? "पहाटेक जाग येता. कोंबो नाय, मीच कोंब्याक उठवतंय." मरणाचे विचार येतात का, हे विचारताना माझा आवाज जरा दबला. म्हातारी मात्र खुशीत होती. "येतत तर. कालच सुनेक दाखवन ठेवलंय, माझी नवी साडी खंय आसा ती. माका न्हेताना जुनी नेसवतली, भरवसो नाय तिचो." आणि ती आणि तिची सून दोघी हसत सुटल्या. सुनेने आम्हाला तिरफळं घातलेली बांगड्याची कढी खाऊ घातली. कागदावर मात्र म्हातारीची बेरीज एवढी झाली, की डॉक्टरांनी तिला लगेच घेऊन यायला सांगितलं.

दाजींनी तो कागद बराच वेळ हातात धरला होता. "ह्यात म्हातारपण खंय संपता आणि दुखणा खंय सुरू होता ताच कळणा नाय," असं काहीसं म्हणाले. मी म्हटलं, मग डॉक्टरांना सांगा. तर म्हणाले, "घाय कसली आसा? आणखी घरा बघूया."

आणि मग ती मोठी फजिती झाली.

दाजींचं घर खाडीपलीकडच्या गावातलं, मानकऱ्यांचं. देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याकडे. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. जत्रेला, सणाला, काही संकट आलं तर मानकरी देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, एका लयीत, एकामागून एक. आणि प्रत्येक मागण्याला जमलेली सगळी माणसं एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. आम्ही मुसलमान, आमच्या घरात ते नाही, पण लहानपणी मी बंदरावरच्या मैत्रिणींबरोबर जाऊन ऐकलंय आणि माझ्यासुद्धा तोंडात 'व्हय' आलेलं आहे. दाजींचा आवाज त्या कामासाठीच घडवलेला. खर्जातला, ओलसर, लांबवर जाणारा. बोलायला लागले की वारा पडल्यासारखं व्हायचं.

तर एका गावात देवळाच्या मंडपात आम्ही म्हाताऱ्यांचं शिबिर घेतलं. घरोघर जायला वेळ नव्हता, म्हणून एकेकाला बाजूला बसवून दाजी कागद वाचत होते आणि मी खुणा करत होते. दुपारची वेळ, कौलातून उन्हाचे कवडसे पडलेले, बाहेर कुठेतरी नारळ सोलल्याचा आवाज. दाजी त्या आवाजात विचारत होते, "कामात मन लागना नाय?" व्हय. "रातची झोप मोडता?" व्हय. "जीव घाबरोघुबरो होता?" व्हय. "आपला कोण नाय असा वाटता?" व्हय. माझा हात एका रांगेत खुणा करत सुटला. मला सुद्धा गुंगी आल्यासारखं झालं होतं.

संध्याकाळी डॉक्टरांनी बेरजा बघितल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. शिबिराला आलेली एकूण एक म्हातारी माणसं गंभीर आजारी निघाली होती. डॉक्टर म्हणाले, "राऊळसाहेब, एवढ्यांना गोळ्या कुठून आणायच्या?" दाजींनी कागद गोळा करून पिशवीत घातले.

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांसाठी आम्ही पुन्हा त्याच मंडपात बसलो. बाबल तांडेल म्हणून एक म्हातारा होता, दाजींच्या ओळखीचा, अंगाने अजून दांडगा. तो सगळ्या प्रश्नांना व्हय म्हणाला आणि शेवटचा प्रश्न झाल्यावर त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, "व्हय म्हाराजा" म्हटलं आणि मला विचारलं, "प्रसाद काय आसा गो?"

दाजींनी कागद मिटला. "बाबल्या, तुका झोप लागता मां?"

"मस्त लागता. कित्याक?"

"मगे मोडता म्हणान व्हय कित्याक म्हणालंस?"

"तू गाऱ्हाणा घालतंस," बाबल म्हणाला, "आमी नाय कसा म्हणतलो?"

मी एवढी हसले की मला मंडपाबाहेर जावं लागलं. दाजीसुद्धा हसले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, हे वहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे उभे राहून शुद्ध मराठीत म्हणाले, "सर, चूक माझी आहे. मी विचारलं नाही, मी म्हणवून घेतलं." डॉक्टरांना आधी काही कळेना. कळल्यावर ते उठून दाजींना चहा आणायला स्वतः गेले. मी म्हटलं ना, भला माणूस.

त्या गावातलं एकेक घर दाजींनी पुन्हा केलं. आता कागद पिशवीतच ठेवायचे. त्यांनी नवी पद्धत काढली. बाजूला बसायचं आणि म्हणायचं, "कालचो दिवस सांग." बस. सकाळी उठल्यापासून दिवे लागेपर्यंत काल काय काय झालं ते. माणसं सांगायची. कधी रंगून, कधी अडखळत. दाजी ऐकत बसायचे आणि नंतर ओपीडीत येऊन कागद भरायचे. डॉक्टर म्हणायचे, अशाने वर्ष जाईल. दाजी म्हणायचे, जाऊ दे.

याच पद्धतीत आम्हाला जैतूनखाला सापडली. आमच्याच बंदरातली, खाला म्हणजे मावशी म्हणायचं, नात्यातली नाही पण माझ्या माँची जुनी ओळख. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता. वर्षातले बरेच महिने दर्यावर आणि पावसाआधी घरी, असा सगळा संसार गेला. तो वारला तेव्हा मी त्या घरी जाऊन आले होते. जैतूनखालाला मी आधी कागदावरचेच प्रश्न विचारले, मुसलमानीण मुसलमानिणीला विचारतेय म्हणून. ती प्रत्येक प्रश्नाला मान हलवायची. "नाय गो. अल्लाचा शुकर आसा." झोप? शुकर. भूक? शुकर. बेरीज शून्य. मला बरं वाटलं. एवढ्या रडक्या बेरजांत एक तरी धड माणूस निघालं.

दाजी ओट्यावर बसले होते, समुद्राकडे बघत. त्यांनी विचारलं, "कालचो दिवस सांग बगूया."

ती सांगायला लागली. पहाटे उठले, नमाज पढले. अंगण झाडलं. त्याच्या पँटी पेटीतून काढून उन्हात घातल्या, पेटीत वास धरतो म्हणून. बूट पुसले. मग खिडकीत बसले. बोटी बघितल्या. एक मोठी बोट लांबून गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत बघितली. सांज झाली. तिचा आवाज असा होता की मीसुद्धा त्या बोटीबरोबर लांब लांब जायला लागले. दाजी हळूच म्हणाले, "जेवणाक काय केलंस?"

"जेवाण तो इल्यावर करतलंय."

माझं पेन थांबलं. दाजींनी मात्र आवाज जरासुद्धा बदलला नाही. "कधी येतलो?"

ती समुद्राकडे वळली. मग म्हणाली, "येवचो नाय, ता माका ठाव आसा. पण एकटेसाठी चूल पेटवूक हात उठना नाय."

मी तिच्या मनगटाकडे तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. चहा आणि पावावर राहत होती ती, किती महिने कोण जाणे. तिला आम्ही गुरुवारी ओपीडीत आणलं, डॉक्टरांनी औषध सुरू केलं, शेजारच्या घरात तिचं दुपारचं ताट ठरवलं. हळूहळू ती भरली. नंतर दाजींना सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाठवायची, मला नाही. मी एकदा तिला तसं बोलूनही दाखवलं.

दाजी त्या दिवशी घरी जायला होडीत बसल्यावर, मी धक्क्यावर उभी असताना, म्हणाले, "तो बाबल्या व्हय म्हणान बुडालो असतो, ही शुकर म्हणान." होडीच्या कडेला हात सोडून पाण्यात बोटं बुडवून बसले होते. साठीकडे झुकलेला माणूस, पण तेव्हा तो एखाद्या पोरासारखा दिसला मला.

तरुणांची तऱ्हा आणखी वेगळी. वेंगुर्ल्याच्या एका कॉलेजात आम्हाला बोलावलं होतं. तिथे कागद नव्हता, मोबाईलवर प्रश्न. पोरांनी बोटं अशी फिरवली, की मला वाटलं खेळ खेळतायत. कधीच नाही, कधीच नाही, कधीच नाही. सगळा वर्ग ठणठणीत. प्राध्यापक खूश. दाजींनी खिशातलं खोबरं काढलं, कुरतडलं आणि म्हणाले, "आता असं करा. तुमचा जवळचा मित्र किंवा मैत्रीण डोळ्यांपुढे आणा. त्याच्या वतीने पुन्हा उत्तरं द्या. त्याचं नाव मला नको."

वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. पोरं थांबून थांबून बोटं टेकवत होती. एका पोरीने मोबाईल उलटा घालून ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसली. त्या दिवशी आमची एसटी चुकली. कारण तीन पोरी आणि एक उंच पोरगा थांबले होते, प्रत्येकाला आपल्या मैत्रिणीबद्दल नाहीतर मित्राबद्दल दाजींशी बोलायचं होतं. एकेक जण दाजींच्या बाजूला बसून समोरच्या काजूच्या झाडांकडे बघत बोलत होता. मी लांब बसून शेंगदाणे खाल्ले. परतताना मी विचारलं, ते मित्र खरे असतील का हो? दाजी म्हणाले, "ता इचारूचा नाय."

हे सगळं दाजींनी डॉक्टरांना पटवलं. पटवायला भांडणंही झाली. डॉक्टरांचं म्हणणं, प्रत्येकाला वेगळी फूटपट्टी लावली तर मोजायचं कसं. दाजींचं म्हणणं, एकच पट्टी आहे असं समजून आपण मोजत होतो, तेच चुकत होतं. शेवटी डॉक्टरांनी पोरांसाठी वेगळा कागद शोधून आणला आणि साठीच्या पलीकडच्यांसाठी वेगळा. म्हाताऱ्यांच्या कागदात अंगदुखी आणि दमणूक यांना फारसं स्थान नव्हतं. तो मालवणीत करायला दाजींनी किती दिवस घेतले. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या म्हाताऱ्यांना एकेक शब्द ऐकवायचे, कोण कसं तोंड करतो ते बघायचे, खोडायचे. आणि म्हणायचे, "लवकरच मी पण ह्याच कागदातलो."

निरोपाच्या दिवशी ते छान बोलले, सगळ्यांना हसवलं, छत्री विसरून गेले. मी ती दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवून दिली.

मग बरेच महिने काही कळलं नाही. मला वाटलं, आराम करत असतील. एका गुरुवारी औषधांच्या खिडकीपाशी वहिनी उभ्या दिसल्या. नंबर लावला नव्हता, नुसत्या उभ्या होत्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फरीदाबाय, ह्यांचा कायतरी बिनासला हां. जत्रेक गाऱ्हाणा घालूक उठाकच नाय. चुलतभावान घातल्यान. आणि ह्ये घरात बसान ऐकत होते, जसा काय दुसऱ्या गावचा गाऱ्हाणा."

गाव काय म्हणतं, मी विचारलं. गाव म्हणत होतं, वय झालं. रिटायर झाला की माणूस असाच होतो. गप्प गप्प राहतो. हे वाक्य ऐकून माझं डोकं फिरलं, कारण याच वाक्यावर दाजी आयुष्यभर चिडलेले होते. वय झालं म्हणून घरात ठेवलेली किती माणसं फार उशिरा आमच्याकडे आली होती, आणि काही आलीच नव्हती.

रविवारी मी होडीने पलीकडे गेले. दाजी पडवीत बसले होते. खाली खळ्यात सुपाऱ्या वाळत घातलेल्या, त्यापलीकडे माड, त्यापलीकडे खाडी. संध्याकाळचं पिवळं ऊन सगळ्यावर सारखं पसरलं होतं. दाजींनी माझ्याकडे बघून हसल्यासारखं केलं. दाढी वाढलेली. शर्टाचं बटण चुकीच्या काजात लावलेलं. मी बाजूला बसले. शेवटी तेच म्हणाले, "इचार. त्यासाठीच इलंस मां?"

मी प्रश्न तोंडपाठ विचारायला लागले. माझा प्रश्न संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार. झोप मस्त. जेवण दोन वेळ. मन रमता. शेवटी स्वतःच बेरीज करून म्हणाले, "शून्य. बघ. आता चाय घे."

मी म्हटलं, "कालचो दिवस सांगा."

तर दाजींनी मला एक अख्खा दिवस सांगितला. पहाटे उठून धक्क्यावर गेलो, होड्या येत होत्या, ताज्या सौंदाळ्या घेतल्या, वाटेत बाबल भेटला, त्याच्याशी गप्पा झाल्या, दुपारी पेपर वाचला, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर बसलो, वारा छान सुटला होता. इतकं सुरेख सांगितलं की मला तो वारा लागला. मी वळून बघितलं तर वहिनी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. त्यांनी नुसती मान हलवली. दाजी कितीतरी दिवसांत पडवीतून खाली उतरले नव्हते.

मग मी शेवटचं हत्यार काढलं. म्हटलं, "दाजी, माझे एक मित्र आहेत. पूर्वी माझ्याबरोबर काम करायचे. त्यांच्याबद्दल विचारू?"

"माझीच जाळी माझ्यावर टाकतंस गो?" ते म्हणाले. रागाने नाही, मायेनेच म्हणाले. आणि पुन्हा खाडीकडे बघत राहिले.

मग मात्र माझा धीर सुटला. मला हे शांत बसून बोलणं कधी जमलं नाही, ती दाजींची विद्या. मी रडत रडत म्हटलं, "मला भीती वाटते दाजी. तुमचं काही बरंवाईट झालं तर मी कुणाकडे बघायचं? तुम्ही मला शिकवलंत सगळं आणि आता तुम्हीच मला फसवताय. गुरुवारी ओपीडी आहे. तुम्हाला माहीत आहे कुठे आहे ती."

दाजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. खूप वेळ तसाच ठेवला. मग म्हणाले, "भरती इली. तुझी होडी चुकात."

त्या गुरुवारी ते आले नाहीत. पुढच्याही नाहीत. मी वहिनींना फोन करायचे, त्या म्हणायच्या, तसंच आहे. डॉक्टरांनी घरी जाऊन यायचं ठरवलं होतं, तर त्यांची मुंबईची मीटिंग निघाली. मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. माँ म्हणाली, तूच आधी गोळी घे.

आणि एका गुरुवारी, ओपीडी अगदी भरात असताना, मी फाईली घेऊन चालले होते तर बाकावर दाजी. हातात केसपेपर. एकटेच आले होते, पहिल्या होडीने. दाढी केलेली, पण गालावर एक पट्टा तसाच राहिलेला. आजूबाजूला रत्नागिरीकडून आलेलं एक कुटुंब, दोन म्हाताऱ्या, एक तरुण पोरगा कानात वायर घालून. सगळ्यांच्या मध्ये दाजी आपला नंबर यायची वाट बघत बसले होते. मी पुढे झाले तर त्यांनी डोळ्यांनीच नको म्हटलं.

दाजींच्या जागी तन्वी म्हणून नवी मुलगी आली होती, वैभववाडीची. हुशार, पण नवखी. तिने दाजींना कधी पाहिलेलं नव्हतं. तिने नाव पुकारलं, आडनाव चुकवलं. दाजी उठले आणि आत गेले. दार अर्धं उघडंच होतं आणि मी फाईली छातीशी धरून दारापाशी उभी राहिले. लाज वाटत होती, तरी हलले नाही. तन्वीला सांगावं का, की हा कोण आहे, हे कागद कुणी केले आहेत? पण मग तिने विचारलंच नसतं काही. तिने मान दिला असता, खुर्ची दिली असती, चहा मागवला असता.

तिने केसपेपरवरचं वय बघितलं आणि खणातून साठीच्या पलीकडचा कागद काढला. मालवणी तिला वाचायला जड जात होती. बोट ठेवून, अडखळत तिने पहिला प्रश्न वाचला, "दिस आपसूक जाता... काय ढकलूचो लागता?"

दाजींनी तोंड उघडलं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, मला इथून दिसत होतं. मग त्यांनी तोंड मिटलं.

"थांब गो बाय," ते म्हणाले. "माका वायच इचार करूंक होयो."

तन्वी घाबरली. आपलं काही चुकलं असं तिला वाटलं असावं. पण तिने पेन खाली ठेवलं आणि थांबली. वर पंखा फिरत होता. खिडकीतून बंदराकडचं पांढरं ऊन टेबलावर आलं होतं, दाजींचे दोन्ही हात त्यात होते. बाहेर कुणीतरी नंबर पुकारला, कुणाचं तरी मूल रडलं आणि थांबलं. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही.

"ढकलूचो लागता," दाजी म्हणाले.

मी दार हलकेच ओढून घेतलं.